सात नंबरचं टेबल आणि सीताफळाचा गर

बीडहून वडवणीला जाणाऱ्या एसटीत माझ्या मांडीवर जे खोकं होतं, त्याला दोन्ही बाजूंनी भोकं पाडलेली होती. कंडक्टरने तिकीट देण्याआधी वाकून एका भोकातून आत पाहिलं.

"कोंबड्या हायत का?"

"नाही. मशीन आहे."

"कशाचं?"

"सीताफळाचा गर काढायचं. बिया वेगळ्या होतात."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे, आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "मंडळी, ह्या ताई पुण्याहून सीताफळाच्या बिया काढायला निघाल्यात."

पुढच्या सीटवरचे एक आजोबा मागे वळले. "कावून? पुण्यात लोकायला बिया थुकता येत न्हाईत का?"

बस हसली. मलाही हसू आलं, पण उत्तर सुचेपर्यंत आजोबा पुन्हा पुढे वळले होते. माझं नेहमी असंच होतं. मी विचार मराठीतच करते, पण शाळा सगळी इंग्रजी माध्यमातली आणि स्वभाव हा असा. अनोळखी माणसांसमोर वाक्य जुळेपर्यंत संभाषण पुढच्या स्टॉपला गेलेलं असतं.

खरं तर बोलायचं काम ओंकारचं. आम्ही दोघं मिळून हे मशीन बनवतो: चित्रं, मापं, जोडणी माझी, आणि माणसं त्याची. निघायच्या दोन दिवस आधी त्याला कांजिण्या आल्या. सकाळी पुण्याहून येताना बस कडा गावात चहासाठी थांबली तेव्हा त्याचा व्हॉइस मेसेज आला होता. "सई, फक्त हसत राहा आणि फॉर्म भरून घे. बाकी काही बोलू नकोस." हा सल्ला मला पाळता येण्यासारखा होता.

फॉर्म कसले, ते सांगते. आमच्या विद्यापीठात स्वतःची वस्तू बनवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक केंद्र आहे. कल्पना पटली तर तिथे सहा महिने एक टेबल मिळतं. त्याबरोबर थ्री-डी प्रिंटर, ड्रिल, वेल्डिंग, आणि वर्कशॉपचे कुलकर्णीकाका. काका दिवसातून चारदा "हे चालणार नाही" म्हणतात आणि संध्याकाळपर्यंत ते चालवून देतात. आमचं टेबल सात नंबरचं. आमचे सहा महिने संपत आले होते. टेबल पुढचं वर्षभर हवं असेल तर मशीन स्वतः वापरून पाहिलेल्या निदान दहा जणांचे लेखी अभिप्राय समितीपुढे ठेवायचे होते. नाहीतर टेबल ड्रोनवाल्या मुलांना. ती मुलं येता-जाता आमच्या टेबलाची लांबी नजरेने मोजत असत.

सोमवार

वडवणीच्या स्टँडवर सुमनताई स्कूटीवर बसूनच माझी वाट पाहत होत्या. केंद्रातल्या एका मॅडमच्या ओळखीतून त्यांचा बचत गट सापडला होता. सीताफळाच्या दिवसांत त्यांच्या गावातल्या बायका गर काढून बीडच्या एका मिठाईवाल्याला देतात, तो त्याची रबडी करतो. एवढीच माहिती माझ्याकडे होती. सुमनताईंनी पदर कमरेला खोचला, खोकं पायाशी घेतलं आणि म्हणाल्या, "बसा सईताई. घट्ट धरा, रस्ता आमचा लई नाचरा हाय."

नाचरा होताच. पण आजूबाजूला पाहावं असं होतं. पावसाळा संपून दसरा झालेला, डोंगर अजून हिरवे, पण कडांनी पिवळे पडायला लागलेले. डोंगर म्हणजे उंच नव्हेत, एकामागे एक निजलेल्या म्हशींसारखे. आणि त्या दगडाधोंड्यांत, जिथे दुसरं काही उगवायची हिंमत करणार नाही तिथे, सीताफळाची झुडपं. कोणी लावलेली नाहीत, कोणी पाणी घालत नाही. खाली माजलगावच्या अंगाला धरणाचं पाणी आणि ऊस आहे, असं सुमनताई मान मागे वळवून सांगत होत्या. त्यांनी मान मागे वळवू नये असं मला फार वाटत होतं.

घरी पोचल्यावर हात धुवायच्या आत पुढ्यात धपाटे आले, दही आणि शेंगदाण्याची चटणी. आमच्या कोथरूडच्या घरी "घेणार का?" असं आधी विचारतात. इथे तो प्रश्नच नाही. दुसरा धपाटा मी संपवला तसा तिसरा पडला. चटणी इतकी तिखट होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुमनताई घाबरल्या आणि म्हणाल्या, "बिघडली का चटणी?" मी म्हटलं, "नाही नाही, फार छान आहे." आमच्याकडे भाजीत मीठ कमी असेल तर बाबा पहिल्याच घासाला सांगतात आणि आई त्यांना मिठाची बरणी सरकवते. पाहुणीला मात्र कुठेही खोटं बोलावं लागतं, असं मनात आलं. हे वाक्य पुढे उलटं फिरून माझ्याकडेच येणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

काम घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालतं. धुतलेली ताडपत्री, त्यावर डोक्याला टोप्या घालून बसलेल्या दहा बायका, मध्ये पिकलेल्या सीताफळांच्या टोपल्या. प्रत्येकीच्या एका हातात फळाची अर्धी फोड, दुसऱ्या हातात चमचा. सुमनताईंनी दोघींची खास ओळख करून दिली. गोदामावशी वयाने सगळ्यात मोठ्या. शकीलाभाभींचा हात सगळ्यात चलाख.

आमचं मशीन हाताने फिरवायचं आहे. लोडशेडिंगचा विचार आम्ही केला होता आणि त्याचा मला अभिमान होता. विचार राहिला होता तो टेबलाचा. मशीन टेबलाच्या कडेला आवळायचं असतं, आणि गावातल्या त्या शेडमध्ये टेबल नव्हतं. कशाला असेल? सगळ्या जमिनीवर बसून काम करतात. सहा महिने मी सात नंबरच्या टेबलाशी उभी राहून जे बनवलं होतं, ते उभ्या माणसासाठी होतं.

"बाज आणू का?" शकीलाभाभी म्हणाल्या.

बाज आली. तिच्या लाकडी चौकटीला मशीन आवळलं. दांडा फिरवला की मशीनऐवजी बाजच पुढे चालायला लागे. मग गोदामावशी टोपीसकट बाजेवर जाऊन बसल्या. "फिरवा आता. मी हाय."

मशीनच्या तोंडाशी एक स्टीलची वाटी आहे, तिच्यात फळाची अर्धी फोड बसते. फोड सटकू नये म्हणून वाटीला आतून रबराचे मऊ दाते चिकटवलेत. वाटी आमच्या स्वयंपाकघरातली आहे. आई अजून ती शोधते आहे. दांडा फिरवला की आतला ब्रश फोडीतून गर खरवडतो, जाळीतून गर एका बाजूला पडतो आणि बिया दुसऱ्या बाजूला. पडल्या! पांढराशुभ्र, मऊ गर खालच्या पातेल्यात उतरला तेव्हा माझा श्वास परत सुरू झाला.

"लई चांगलं हाय!" सुमनताई म्हणाल्या.

"बस्स, आता आमाला कामच राहिलं न्हाई," शकीलाभाभी म्हणाल्या.

एकेकीने दांडा फिरवला, एकेकीने "लई भारी" म्हटलं. मग मी फॉर्म काढले. केंद्राने त्यावर "सदर उपकरणाच्या उपयुक्ततेबाबत आपले अभिप्राय" असं छापलं होतं, ते मी वाचताना दोनदा अडखळले. हे कशासाठी, असं सुमनताईंनी विचारलं तेव्हा मी टेबलाचं सांगितलं. जेवढं कमी शब्दांत सांगता येईल तेवढं.

"म्हंजे आमी चांगलं लिवलं तर तुमचं टेबल ऱ्हातं?"

"हो."

"मग लिवू की! त्यात काय." त्यांनी पेन फिरवलं. सुमनताई धरून अकरा जणी, अकरा फॉर्म, सगळ्यांवर "उत्तम".

दिवस मावळायच्या आत सुमनताईंनी माझ्यापुढे पेलाभर दूध ठेवलं, त्यात घसघशीत सीताफळ. "तुमच्याच मशीनचं हाय, प्या." मी प्याले, त्यांनी आणखी आणलं. फोनवर ओंकार ओरडलाच. "अकरा? सई, तू बोललीस तरी काय?"

"काही नाही."

"बघ! मी सांगितलं नव्हतं?"

मंगळवार

परतीची बस दुपारची होती. सकाळी गोदामावशी डोंगराला निघाल्या, मीही त्यांच्यामागे गेले. त्या कमी बोलतात, त्यामुळे माझं त्यांच्याशी बरं जमलं. दवाने पायवाट ओली होती. मी एका मोठ्या फळाला हात घातला तर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली.

"डोळा बघ आधी."

सीताफळाच्या अंगावर जे खवले असतात, त्यांना इथे डोळे म्हणतात. खवल्यांमधल्या फटी रुंद होऊन पिवळट झाल्या की डोळा उघडला. तेव्हाच तोडायचं. "मिटलेला असंल तर झोपलंय. त्याला उठवायचं न्हाई, ते पिकतच न्हाई मग." त्यांनी पाटी भरेपर्यंत मला सात-आठच डोळे उघडे सापडले. त्यांतले दोन मिटलेलेच आहेत, असं त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, पण त्या काही म्हणाल्या नाहीत. ती दोन फळं त्यांनी हळूच पाटीच्या तळाशी सरकवली.

तिथे मला कालच्या अकरा "उत्तम"बद्दल पहिली शंका आली.

खाली आलो तर शेडमध्ये काम जोरात सुरू होतं. बर्फाच्या पेट्या घेऊन टेम्पो यायचा होता. आणि माझं मशीन बाजेला आवळलेलं, स्वच्छ धुतलेलं, वर फुलाफुलांचा रुमाल घातलेलं होतं. देवाला जसं झाकतात तसं. सगळ्या जणी चमच्यांनीच काम करत होत्या.

मी कोपऱ्यात बसले आणि पाहत राहिले. पाहण्याचं काम मला येतं. शकीलाभाभी चमचा सालीपर्यंत नेतच नव्हत्या. सालीलगतचा पातळ थर सोडून देत होत्या. वरचा गर त्या खरवडत नव्हत्या, पाकळी-पाकळीने उचलत होत्या. प्रत्येक पाकळीला बोटाने हलकी चीर, बी टुणकन बाहेर, आणि पाकळी अख्खीच्या अख्खी पांढऱ्या डब्यात. ओळीने डबे भरत होते आणि प्रत्येकात पाकळ्या. कालचा मशीनचा गर कोणत्याच डब्यात नव्हता.

तेवढ्यात सुमनताईंनी माझ्यासाठी वाटी आणली. गरात साखर, वर वेलची. त्या गराचा रंग आता पांढरा नव्हता, फिकट तपकिरी झाला होता.

मग माझ्या लक्षात आलं. कालपासून माझ्या मशीनचा सगळा माल मीच खात होते.

पर्समध्ये अकरा "उत्तम" होते. बस दीड तासावर होती. गप्प बसणं हा माझा हातखंडा, आणि गप्प बसलं की टेबल आमचंच होतं. ती वाटी मी संपवली. वाक्य जुळवायला मला साधारण तेवढाच वेळ लागतो.

"सुमनताई, माझ्या मशीनचा गर डब्यात का नाही?"

चमचे थांबले. सुमनताई म्हणाल्या, "आवो, तुमच्यासाठी ठिवला ना. पाव्हण्याला चांगलं द्यावं."

"सांगू का मी?" गोदामावशी म्हणाल्या.

"मावशी, गप. पाव्हणी हाय ती."

मावशींनी चमचा उचलला. सगळ्याच पुन्हा कामाला लागल्या, आणि माझ्याकडे पाहून गोड हसत राहिल्या. इथे पाहुणीच्या वस्तूला कोणी नाव ठेवणार नव्हतं, मी संध्याकाळपर्यंत विचारत बसले असते तरी. मला कालच्या चटणीची आठवण झाली.

मग मी पाहुणी असणं सोडून द्यायचं ठरवलं. हात धुतले, टोपी घातली, शकीलाभाभींच्या शेजारी मांडी घातली आणि एक फळ फोडलं. पहिली फोड माझ्या मुठीत चेमटली आणि गर कोपरापर्यंत ओघळला.

"या अल्ला! मुठीत कावून दाबतीस? अंडं धरल्यावानी धर!"

दुसरी फोड धरली.

"चमचा खाली न्हाई न्यायचा, सालीपाशी लागला की गर काळा पडतो. तुझ्या मशिनीवानी."

शकीलाभाभींनी जीभ चावली. पण आता दार उघडलं होतं, आणि मी मान खाली घालून तिसरं फळ घेतलं, जणू काही ऐकलंच नाही. मग सुरूच झालं. रबडीवाल्याला पाकळी लागते, तिचा तर भाव. मशिनीनं त्याचं श्रीखंड होतंय. एखादं बी फुटतं, मग सगळं पातेलं कडू. दांडा फिरवायला एक, बाजेवर बसायला एक, म्हंजे दोघी कामातून गेल्या. धुवायला तर अर्धी टाकी पाणी. "आन् माझी कंबर!" गोदामावशी म्हणाल्या. "काल तासभर नुसती वजन म्हणून बसलते मी."

मी हसले. मोठ्याने. सुमनताई माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्याही हसल्या. "आगं सये, मग विचारायचं न्हाईस का काल?"

सईताईची सये झाले, ते त्या क्षणी.

पण माझी फोड काही हातात राहीना. सगळ्या जणींचीही पूर्ण पिकलेली फोड डाव्या हातात चेमटत होती, हे मी पाहिलं होतं. बोटांना पेटके येतात म्हणून त्या मध्येच हात झटकत होत्या. मी उठले, मशीनवरचा रुमाल काढला, पाना लावून तोंडाची स्टीलची वाटी सोडवली आणि खाली ठेवून तिच्यात फोड बसवली. फोड बसली, पण चमचा लावताच वाटीच गरगर फिरली.

गोदामावशी घरात गेल्या आणि एक विळी घेऊन आल्या. तिचं पातं मोडलेलं होतं, नुसता पाट राहिला होता.

"इळीला कसं, पाटावर पाय ठिवला की दोन्ही हात मोकळे. हिला लाव ती वाटी."

सहा महिने, थ्री-डी प्रिंटर, आणि हे आम्हाला सुचलं नव्हतं. आमच्या ओट्यावर चॉपिंग बोर्ड असतो. पातं जिथे होतं त्याच भोकात मी वाटीचा स्क्रू बसवला, दाते नीट केले. पाट शकीलाभाभींपुढे गेला. त्यांनी पुढच्या टोकावर पाय दाबला, फोड बसवली, आणि दोन्ही हातांनी कामाला लागल्या. एका हाताने पाकळी उचलायची, दुसऱ्याने चीर द्यायची. चमचा बाजूलाच राहिला. दुसरी फोड, तिसरी, चौथी. त्या बोलायच्या थांबल्या, आणि शकीलाभाभी बोलायच्या थांबतात म्हणजे काय, हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं.

"दे आता, मला बघू दे," सुमनताई म्हणाल्या.

"थांबा की, ही टोपली हू दे."

टोपली झाली, तरी पाट सरकेना. मग ओढाओढ. कोणीही "लई चांगलं हाय" म्हणालं नाही. वाटी मात्र कोणी परत देईना.

टेम्पोवाला येऊन हॉर्न वाजवत उभा राहिला तेव्हा मी पुन्हा फॉर्म काढले. कोरे.

"आता कशाला? काल दिलेत की," सुमनताई म्हणाल्या. "आता बोललो ते लिवलं तर तुमचं टेबल जाईल."

"जाऊ दे. खरं लिहा."

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. मग पहिला फॉर्म स्वतः घेतला आणि ठळक अक्षरात लिहिलं: "मशीन नको. वाटी पाहिजे. एक पुरत नाही." खाली सही. बाकीच्यांनी रांगेने तेच लिहिलं. गोदामावशींनी आपल्या वतीने शकीलाभाभींना एक ओळ वाढवायला लावली: "बाजेवर बसणार नाही."

जाताना मी वाटी मागितली. समितीला दाखवायला प्रोटोटाइप लागतो, हे समजावून सांगितलं. शकीलाभाभींनी पाटावरचा पाय उचलला नाही. "दिवाळीपस्तोर माल हाय. मग ने."

स्टँडपर्यंत खोकं सुमनताईंनीच पोचवलं. माझ्या नशिबाने कंडक्टर कालचाच होता.

"काढल्या का बिया?"

"नाही," मी म्हणाले. "त्या थुकलेल्याच बऱ्या." तो हसला, आणि वेळेवर उत्तर सुचल्याचा आनंद मला बीडपर्यंत पुरला.

पुणे

ओंकारला मी ते बावीस फॉर्म दाखवले. तोंडावर सुकलेल्या खपल्या घेऊन तो ते चाळत बसला. "आपण पहिले अकराच देऊ शकतो," तो म्हणाला. मी नंतरचे अकरा त्याच्यापुढे सरकवले. ते पुन्हा वाचून तोच म्हणाला, "नाही. ते बाजेवालं वाक्य ठेवायलाच हवं."

समितीसमोर बोलायला तो उठला, तेव्हा मी त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं. अकरा आणि अकरा, दोन्ही गठ्ठे मी टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं, दूध-साखर-वेलचीसकट. समितीच्या अध्यक्ष मॅडमनी दुसरा गठ्ठा दोनदा वाचला.

"प्रोटोटाइप कुठे आहे?"

"आणता आला नाही, मॅडम. तो कामावर आहे. दिवाळीपर्यंत सोडत नाहीत म्हणाल्या."

मागे उभे असलेले कुलकर्णीकाका म्हणाले, "हे चालणार नाही," आणि त्याच संध्याकाळी त्यांनी पाटांसाठी सागाच्या फळ्या कापायला घेतल्या.

टेबल आम्हाला वर्षभर नाही, पण पुढच्या सीताफळाच्या हंगामापर्यंत मिळालं. ड्रोनवाले शेजारी, आठ नंबरला आले आहेत. मोठं मशीन आम्ही खोललं, त्याच्या पत्र्यातून चार वाट्या झाल्या. परवा मी त्यांच्या दात्यांना गोंद लावत होते तेव्हा सुमनताईंचा फोन आला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"आगं सये, कसली वाटी केलीस गं? स्क्रू गंजला, दोन दाते निखळले, आन् डाव्या हाताच्या बाईला ती उलटी पडतीय. काही डोकं लावलंस का न्हाई?"

मी वही पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं.

"सांगा," मी म्हणाले. "अजून काय काय वाईट आहे?"